भिंतीवरून येणारा डबा

ही गोष्ट मी आजवर इतक्या जणांना ऐकवली आहे की बायको म्हणाली, "आता लिहून टाका एकदा, म्हणजे ऐकणारे तरी सुटतील." म्हणून लिहितो. ती सांगायची झाली तर मला हातवारे लागतात, मध्येच उठून उभं राहावं लागतं, आवाज बदलावे लागतात. कागदावर तेवढी सोय नाही. वाचणाऱ्यांनी माझे हात हलताहेत असं समजावं.

आमच्याकडे जुन्या माणसांत एक रीत आहे. लेक लग्न करून दिली की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेक बाप वर्ष-दोन वर्षांत सुटतात. नातवंडाच्या बारशाला जे पोटभर जेवतात, ते मग दर सणाला येऊन बसतात. आम्हांला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, शेवटी आम्ही दोघांनी तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकला. माझ्या सासऱ्यांनी मात्र रीत सोडली नाही. लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी त्यांनी आमच्या जालन्याच्या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता.

भांडण बिलकुल नव्हतं. माणूस माझ्यावर खूश होता. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला पाव्हणं. आष्टीजवळच्या खेड्यातून यायचे ते फडक्यात स्वतःची भाकरी बांधून आणि खांद्याला फौजेतली पाण्याची बाटली लावून. जवानीत ते लष्करात ट्रक चालवायचे, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या सीमेवर होते. घरी आले की बायको रिवाजाप्रमाणे तांब्या-फुलपात्र समोर ठेवायची. ते फुलपात्राला बोट लावायचे, बोट कपाळाला लावायचे आणि फुलपात्र बाजूला सारायचे. ते गेले की बायको ते पाणी मागच्या कढीपत्त्याला घालायची. आमच्या कढीपत्त्याइतका माजलेला कढीपत्ता कॉलनीत दुसरा नाही, असं मी एकदा म्हणालो, आणि तिचा चेहरा बघून पुढचा विनोद गिळला.

"दादांच्या लेखी मी अजून अर्धीच बाई आहे," ती त्या दिवशी वडिलांबद्दल म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही, पण मला ते ऐकू येत राहायचं.

टाळेबंदी लागली तेव्हा मामा आमच्याकडे होते. मोतीबिंदू काढायला आले होते. बेत साधा होता. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मुक्काम, डोळ्याचं काम, की परत गाव. तेवढ्यापुरती भाकरी आणली होती. डोळ्याचं काम झालं, त्यावर हिरवी पट्टी बसली, आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं की सगळं बंद. बस बंद, रेल्वे बंद, खानावळी बंद. फडक्यातली शेवटची भाकरी वाळून खापर झाली होती. ती त्यांनी बाटलीतल्या पाण्यात बुडवून खाल्ली आणि फडकं झटकलं.

"पाव्हणं, मी उद्या सकाळी निघून राह्यलो."

"कसे?"

"कसे म्हंजे? चालत. फौजेतला माणूस हाय मी."

"दादा," बायको जिन्यातून म्हणाली, "फौजेत तुम्ही ट्रकमध्ये बसून होता."

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सत्तरी ओलांडलेली, रक्तात साखर, एका डोळ्याला पट्टी, आणि परतूरपलीकडे एवढं दूर गाव. वर उन्हाळा. मी पोलिसांच्या दांडक्यांची भीती घातली. थोडं वाढवूनच घातली. मामांवर परिणाम शून्य. इथं राहायचं तर खायचं काय, हा त्यांचा सवाल होता आणि तो बराबर होता. लेकीच्या घरचं खायचं नाही आणि बाहेर काही मिळत नाही.

तेव्हा पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या भाभी बोलल्या. आमची आणि त्यांची गच्ची लागून आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. भाभी वाळलेल्या मिरच्या गोळा करत होत्या.

"चाचा, हमारे इधर का खाओ ना. बेटी के घर का नै खाते, पडोसी का तो चलता ना?"

मामा विचारात पडले. रीत मनातल्या मनात उलटीसुलटी करून बघितली असावी. मग म्हणाले, "शेजाऱ्याचं चालतं. रीतीत शेजारी आलेला न्हाई."

दुसऱ्या दिवशी भाभींनी डबा आणि माठातलं पाणी दिलं, मामा जेवले, चालत जायचं टळलं. मी खुशीत खाली आलो तर बायको कणकेला बुक्क्या मारत होती. "भिंतीपलीकडची भाकरी चालते. अलीकडची चालत नाही. मधली भिंत चार विटांची आहे हो!"

मी बियाण्यांच्या कंपनीत विक्रीचं काम करतो. शेतकऱ्यांना बोलण्यात गुंगवणं हे माझं पोटापाण्याचं साधन, आणि दर गणपतीत मंडळाच्या नाटकात काम करणं ही माझी खोड. आजवर मला हवालदार आणि विसरभोळा म्हातारा एवढ्याच भूमिका मिळाल्या. दिग्दर्शन कुणी दिलं नव्हतं. ते मी त्या रात्री स्वतःकडे घेतलं.

आमची आणि भाभींची मागची दारं एकाच बोळात उघडतात. योजना अशी की स्वयंपाक बायकोनं करायचा. भाभींच्या घरच्या स्टीलच्या डब्यात भरायचा. डबा बोळातून भाभींच्या स्वयंपाकघरात जायचा, भाभींनी तो घेऊन त्यांच्या जिन्यानं वर चढायचं आणि भिंतीवरून हाक द्यायची, "चाचा, डब्बा!" आमच्या घरात रांधलेलं अन्न एक बोळ आणि शेजारचा जिना फिरून आमच्याच गच्चीवर पोचणार.

भाभी हसून हसून ओट्यावर बसल्या. "तुम लोगां पागल है," म्हणाल्या, आणि रिकामा डबा आणून दिला.

खेळ सुरू झाला आणि तो काय रंगला! मामा पत्र्याच्या खोलीच्या सावलीत मांडी घालून जेवायचे. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं आणि मसाल्याचं आमच्याकडचं पीठ. ज्या घरची आमटी त्या घरची चव. मामांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"भाभी, तुम्ही येसर कुठं शिकल्या?"

 भाभी शांतपणे म्हणाल्या, "आपकी बेटी के पास."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मामा मान डोलवत म्हणाले, "लई ग्वाड. आमच्या घरच्यावाणी झालीय." मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिन्यात बसलेली बायको पदर तोंडात धरून ऐकत होती. पुढे ती रोज त्या पायरीवर बसायला लागली. वर बाप जेवतोय आणि पानात काय काय पडलं की त्याचा आवाज बदलतो, हे ऐकायला. वांग्याच्या भाजीला तो कसा हुंकारतो ते तिनं मला खाली येऊन करून दाखवलं. नटाला न जमावं असं तिनं केलं.

मला एक गोष्ट मात्र डाचायला लागली. आमच्या गल्लीत गोष्टी सांगणारा माणूस मी. कोपऱ्यावर, लग्नात, मयतीच्या घरीसुद्धा माझ्याभोवती माणसं जमायची. आता ऊन कललं की सगळी गल्ली आपापल्या गच्चीवर यायची आणि सगळ्यांची तोंडं आमच्या गच्चीकडे. माझ्याकडे नाही. मामांकडे. त्यांचा आवाज असा की तीन घरांपलीकडं आरामात पोचावा, इंजिनाच्या आवाजावर मात करायची सवय ना! ते पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे आणि दवाखाना बंद म्हणून डोळ्यावरची पट्टी तशीच राहिल्यामुळे फार रुबाबदार दिसायचे. असली पट्टी मला नाटकवाल्यांनी कधी दिली नाही.

"लाइट न्हाई लावायची," ते सांगायचे. "वरून विमान बघतंय. मंग ट्रक चालवायचा कसा? तर पुढच्या ट्रकच्या मागच्या धुऱ्याला, म्हंजे दोन चाकांमधल्या दांड्याला, पांढरा रंग मारलेला आन् त्याच्यावर खालून एक बारीक दिवा. तेवढा पांढरा ठिपका बघत जायचं. ठिपका डावीकडं, आपण डावीकडं. ठिपका थांबला, आपण थांबायचं. रस्ता न्हाई दिसत, झाड न्हाई दिसत. पुढचा माणूस शहाणा हाय एवढं धरून चालायचं."

"अन् पुढचा शहाणा नसला तर?" समोरच्या गच्चीवरून कुणीतरी.

"मंग सगळे मिळून खड्ड्यात. आमी गेल्तो एकदा. पण रांगेनं गेल्तो!"

गल्ली हसायची. त्या दिवसांत हसू फुकट मिळत नव्हतं. रोज बातम्यांत आकडे, घरात साबणाचा वास, खोकला आला तरी माणसं चोरून खोकायची. मामांची लढाई ऐकताना तेवढा वेळ आमची बाजूला राहायची.

मग रमजान सुरू झाला.

आम्ही तिघांनी मिळून एवढं मोठं कारस्थान रचलं, आणि रोजे आले की काय करायचं याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतो, दर ईदला शीरखुर्मा खातो, आणि तरी नाही आला. पहिल्या रोज्याच्या सकाळी भाभी बोळात आल्या. "देखो, डब्बा मैं देती. लेकिन रोजे में झूट नै बोलती. चाचा ने सीधा पूछा तो सीधा बताऊँगी."

"पूछेंगे नहीं," मी दिग्दर्शकाच्या अधिकारानं म्हणालो.

भर दुपारी भाभींनी भिंतीवरून डबा दिला. मामांनी घेतला. भाभींच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं आणि डबा घेऊन सावलीत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्या संध्याकाळी त्यांनी कहाणी सांगायला घेतली, पण नेहमीची नाही.

आमच्या गच्चीवरून लांबचा मोठा रस्ता दिसतो. पोलाद कारखान्यांमधले परमुलुखातले मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन त्या रस्त्यानं चालत निघाले होते. मामा त्यांच्याकडं बघत राहिले.

"तवा बी अशीच चालत व्हती माणसं," ते म्हणाले. "लढाई लागायच्या आधीची गोष्ट. पलीकडून माणसांची रांगच रांग. आमी छावणीत रेशन पोचवून राह्यलो व्हतो. माझ्यासंगं दुसरा ड्रायव्हर बिदरकडचा. त्याची बोली आमच्यासारखी, म्हणून आमची जोडी. रमजानचा म्हैना. त्यानं रोजे धरले, आन् तो उपाशी गाडी चालवतो मंग आपण त्याच्यासमोर कसं खायचं म्हणून मी बी धरले. एक दिवस गाडी चिखलात रुतली. सूर्य बुडाला तरी निघंना. ट्रकमधी तांदळाची पोती, पण ती सरकारची, हात लावायचा न्हाई. तर छावणीतली एक म्हातारी आली. तिचं घर गेलेलं, माणसं गेलेली. पदरात मुरमुरे आन् डब्यात पाणी. आमच्यापुढं धरलं. मला न्हाई म्हणायचं व्हतं, तिच्याजवळ तेवढंच व्हतं ना. तर बिदरवाला मला म्हणाला, ले रे, देनेवाली का दिल मत तोड. खाल्ले आमी. तसं जेवण मी परत जेवलो न्हाई."

 मामा भाभींकडं वळले. "उद्यापासून दुपारचा डबा बंद. तुम्ही उपाशी राहून माझ्यासाठी चुलीपुढं बसता, ते मला पचून न्हाई राह्यलं. मी बी रोजा धरतो. संध्याकाळी तुमच्यासंगं खाईन."

"चाचा, मेरेकू कुछ तकलीफ नै, मैं तो पकाती बी…" भाभींनी जीभ चावली.

"न्हाई म्हंजे न्हाई. फौजेतला शब्द हाय."

माझ्या नाटकाचा पुरता बोऱ्या वाजला. साखरेच्या माणसानं एप्रिलच्या उन्हात दिवसभर उपाशी राहायचं, ते पत्र्याखाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो तर मामा ओला पंचा डोक्यावर घेऊन भिंतीला टेकले होते. कपाळावर घाम, आणि हात मांडीवर ठेवलेला होता तरी थरथरत होता. सकाळची साखरेवरची गोळी सवयीनं रिकाम्या पोटी घेऊन बसले होते.

"मामा, दोन घास खा."

"संध्याकाळी."

मी खाली येऊन बायकोला सांगितलं. तिनं ताट वाढलं, तांब्या-फुलपात्र घेतलं आणि सरळ आमच्या जिन्यानं वर गेली. बोळ नाही, भाभींचा डबा नाही.

"दादा, जेवा."

"बाई, हे तुझ्या घरचं हाय."

"हो. आणि आजवरचं पण माझ्याच घरचं होतं."

मामांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं?"

मी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणारा माणूस. त्या क्षणी मला पाण्याची टाकी फार निरखून बघावीशी वाटली.

"रोज?" त्यांनी लेकीला विचारलं.

"पहिल्या दिवशीचं भाभींचं होतं. मग रोज माझं."

"पाणी?"

"पाणी भाभींच्या माठातलं."

"मंग पाणी तरी…"

"दादा, आमटीत काय दूध घालतात का?"

भिंतीपलीकडं भाभी खोकल्याचं नाटक करायला लागल्या. बायकोचा आवाज मात्र चढत गेला. "छावणीतल्या परक्या बाईचे मुरमुरे चालले तुम्हांला. तिच्याजवळ काही नव्हतं तरी चालले. माझ्याजवळ एक लेकरू नाही, तर माझ्या घरचं पाणीसुद्धा विटाळतं? इतक्या वर्षांत मी तुमचं काय वाईट केलं?"

मामांनी पंचा डोक्यावरून काढला. मला वाटलं, आता उठतात आणि फडकं घेऊन निघतात.

"तुला वाटलं, मी तुला उणं समजून खात न्हाई?" ते म्हणाले. आवाज तीन घरांपलीकडं जाणारा नव्हता. मला दोन पावलांवरून ऐकायला पुढं वाकावं लागलं. "उलटं हाय, बाई. ज्या दिशी मी तुझ्या घरचं पाणी पेलो, त्या दिशी मीच म्हणल्यासारखं झालं की आता हिला लेकरू व्हत न्हाई. बापानं कसं म्हणायचं? दर येळंला मनात म्हणायचो, आजून टाइम हाय, पुढच्या येळंला नातवाच्या बारशाचंच पेऊ. तुझी आई बी जाताना म्हणली, एवढ्यात पेऊ नगा."

बायको त्यांच्यापुढं खाली बसली. "दादा, माझे केस पांढरे झाले."

"दिसतंय मला. एका डोळ्यानं बी दिसतंय."

"मी आशा कवाच सोडली. सोडली तेव्हा रडले, मग बरं वाटलं. आम्ही दोघं सुखात आहोत. हे दिवसभर मला हसवतात, कधी कधी नको म्हणेपर्यंत. तुम्ही एकटेच किती दिवस धरून बसणार?"

 मामांनी पंच्यानं तोंड पुसलं, पट्टी सांभाळून. मग फुलपात्र उचललं, आणि सगळं पाणी प्याले. रिकामं फुलपात्र पुढं केलं. तिनं पुन्हा भरलं. तेही प्याले. ताट जवळ ओढून भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा पलीकडून भाभींचा आवाज आला.

"चाचा, मेरा रोजा है, हौर तुम लोगां मेरेकू रुला रहे!"

"रडा भाभी, रडा," मामा घास तोंडात धरून म्हणाले. "रडल्यानं रोजा न्हाई तुटत. मला बिदरवाल्यानं सांगितलंय."

त्या संध्याकाळी भिंतीवरून भजी आणि खजूर आले, त्यातली भजी भाभींनी खरोखर स्वतः केलेली. मामांनी तेही खाल्ले.

त्या वर्षानं लोकांचं काय काय नेलं ते मी पाहिलं आहे. आमच्याच गल्लीतली दोन माणसं त्यानंतर गच्चीवर दिसली नाहीत. अशा काळाचे आभार मानायला जीभ रेटत नाही. मी आभार मानतो ते भाभींचे, ज्यांनी उपाशीपोटी आमचा डबा वाहिला आणि खोटं एकही बोलल्या नाहीत. नाव ठाऊक नसलेल्या त्या बिदरवाल्याचे आणि मुरमुरेवाल्या म्हातारीचे मानतो. आणि मोतीबिंदूचे, तो नेमका त्याच आठवड्यात पिकला.

गाड्या सुरू झाल्या तरी मामा लगेच गेले नाहीत. पेरणी तोंडावर आल्यावर गेले. त्यानंतर मात्र त्यांचं येणं वाढलं. आता न सांगता येतात, बरोबर जेवणाच्या वेळेला, आणि फाटकातूनच विचारतात, "काय केलंय?" भाभींच्या डब्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. लेकीच्या स्वयंपाकाला आता रोज ठेवतात. आमटी पातळ झाली, भाकरीला पापुद्रा न्हाई, चटणीत मीठ कुठं पळून गेलं. मागच्या वेळी तर करपलेली भाकरी परत पाठवून दुसरी मागितली.

बायको तणतणत स्वयंपाकघरात आली. "उपाशी होते तेच बरं होतं," माझ्याकडं बघून म्हणाली, आणि परातीत पीठ घेतलं. एका भाकरीला लागतं त्याच्या दुप्पट घेतलं.